बाहेरचा डोंगर, आतला डोंगर

डोंगरात साधनेला जाणाऱ्यानं पाठीवर आरसा बांधावा, असं गे होंग सांगतो. आरसा निदान नऊ इंचांचा हवा आणि घासून लख्ख केलेला हवा. फार वर्षं जगलेले प्राणी माणसाचं रूप घेऊन साधकाला भुलवतात, पण आरशात त्यांना आपलं खरं रूप लपवता येत नाही. वर्षाच्या तिसऱ्या आणि नवव्या महिन्यात डोंगर उघडा असतो, तेव्हाच आत शिरावं. त्यातही चांगला दिवस पाहावा. सापांपासून रक्षण म्हणून मनशीळ जवळ बाळगावी. दक्षिणेकडची माणसं बांबूच्या नळीत जिवंत गोम घेऊन रानात जातात आणि साप जवळपास असला की ती नळीत वळवळू लागते, हेही तो नोंदवून ठेवतो.

इ.स. २८३च्या सुमारास जन्मलेल्या या माणसाचा ‘बाओपूत्से’ हा ग्रंथ ताओ साधनेच्या इतिहासात पायाचा मानला जातो, आणि त्याचं सतरावं प्रकरण सगळंच्या सगळं डोंगरात शिरण्याच्या विद्येवर आहे. ध्यान, निसर्ग आणि शांती हे शब्द आज एका दमात उच्चारले जातात. गे होंगच्या पानांवर शांती फारशी दिसत नाही. तिथे वाघ आहेत, विषारी किडे आहेत, कडे आहेत. तयारीशिवाय गेलेल्यांची हाडं हुआशान डोंगराखाली विखुरलेली असतात अशी त्याच्या काळी बोलवा होती, ती त्यानं मुद्दाम नमूद केली आहे.

मग एवढ्या धोक्यात जायचं कशाला? त्याच ग्रंथात दुसरीकडे त्याचं उत्तर आहे आणि ते विलक्षण प्रामाणिक आहे. ताओ काही डोंगरात वस्तीला नसतो, असं तो आधी मान्य करतो. तरीही ताओच्या वाटेनं जाणाऱ्याला डोंगरात जावंच लागतं, कारण वस्तीतल्या मांसाच्या उग्र वासापासून लांब व्हायचं आणि निर्मळतेच्या जवळ जायचं तर दुसरा मार्ग नाही. या दोन विधानांत एक ताण आहे. जागा हे साध्य नाही, पण जागेवाचून भागत नाही. ताओ साधनेचा पुढचा सगळा इतिहास मला या ताणाचाच इतिहास वाटतो. परिसराचा ध्यानावर काय परिणाम होतो, या प्रश्नाची जितकी खोल आणि जितकी परस्परविरोधी उत्तरं चीनमधल्या या परंपरेनं दिली, तितकी फार थोड्या परंपरांनी दिली असतील.

आपल्याकडे ताओ पोचला तो बहुतेक विचार म्हणून. १९७५ साली पुण्यात कोरेगाव पार्कातल्या आश्रमात रजनीशांनी लाओत्सेवर प्रवचनं दिली. त्यांच्या निवासाला नावच ‘लाओत्से हाउस’ असं होतं. ‘ताओ ते चिंग’ची भाषांतरं आपण वाचतो, त्यातलं पाणी, दरी, न कोरलेलं लाकूड आपल्याला आवडतं. पण त्या प्रतिमांच्या मागे एक प्रत्यक्ष भूगोल आहे, विशिष्ट डोंगर आहेत, त्यांची उंची, त्यांचा पाऊस, त्यांच्या गुहा आहेत. त्या बाजूनं हा विषय आपल्याकडे क्वचितच पाहिला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे हे डोंगर हिमालयासारखे नाहीत. वुदांगचं सर्वोच्च शिखर १६१२ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडं कमीच. पूर्वेचा थायशान सुमारे १५४५ मीटर. सिचुआनमधला छिंगछंग त्याहूनही बुटका आणि कायम हिरवा. हुआशान उंच, पण तोही २१५५ मीटरच्या आसपास. म्हणजे विरळ हवेनं श्वास बदलावा, डोकं हलकं व्हावं, अशी ही उंची नाही. बर्फाच्या वाळवंटातलं एकाकीपणही इथे नाही. दमट, झाडीनं भरलेले, ढग खाली उतरणारे, झऱ्यांचे, माकडांचे आणि पक्ष्यांचे हे डोंगर आहेत. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरलेल्या माणसाला त्यांची कल्पना सहज करता येईल. इथल्या साधनेवर परिणाम झाला तो जिवंतपणाचा. सगळीकडे काहीतरी उगवतंय, वाहतंय, कुजतंय आणि पुन्हा उगवतंय, अशा जागी हे लोक डोळे मिटून बसले.

आणि बसण्याआधी ते हलले. चांग्शा शहराजवळ मावांगद्वी इथे १९७३ साली एक कबर उघडली गेली. ती इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली होती. तिच्यात रेशमावर लिहिलेला लाओत्सेचा ग्रंथ सापडला आणि व्यायामाच्या मुद्रांचं एक चित्रही सापडलं. त्यात ४४ माणसं आहेत, पुरुष आणि बायकाही. कुणी अस्वलासारखं, कुणी पक्ष्यासारखं अंग ताणतंय. अस्वलासारखं आळस देणं आणि पक्ष्यासारखं पंख पसरणं यांचा उल्लेख ‘च्वांगत्से’ ग्रंथातही येतो. श्वासाच्या साधनेची सुरुवातच रानातल्या जनावरांकडे पाहून झाली, असं म्हणायला जागा आहे. साधक ज्या परिसरात राहिला त्या परिसरातल्या जिवांचं चालणं-बसणं त्यानं अंगात घेतलं. मुद्रा कुठून आल्या असा प्रश्न कुणी विचारला, तर त्याचं एक उत्तर आसपासच्या जंगलात आहे.

पुढे इ.स. १४२ मध्ये सिचुआनमधल्या हमिंगशान डोंगरावर चांग दाओलिंगला लाओत्सेचं दर्शन झालं असं संप्रदाय मानतो, आणि तिथून संघटित ताओ धर्म सुरू झाला. दोन शतकांनंतर माओशान इथे शांगछिंग ही ध्यानप्रधान शाखा उभी राहिली. इ.स. ३६४ ते ३७०च्या दरम्यान यांग शी नावाच्या माणसाला रात्री-अपरात्री सिद्धांकडून वचनं मिळत गेली आणि त्यातून या शाखेचे ग्रंथ झाले. या शाखेतलं ध्यान म्हणजे नुसतं मन रिकामं करणं नव्हे. पहाटे पूर्वेकडे तोंड करून उगवत्या प्रकाशाचा अंकुर गिळायचा, तसंच बाकीच्या दिशांचं. प्रत्येक दिशेचं तेज शरीरातल्या एकेका अवयवात पोचताना पाहायचं. सूर्याची किरणं, चंद्राचं तेज, सप्तर्षींचे सात तारे हे सगळं कल्पनेनं आत आणायचं. अशा साधनेला क्षितिज लागतं, खरा काळोख लागतो, तारे दिसणारं आकाश लागतं. निसर्ग इथे ध्यानाचा विषयही आहे आणि अन्नही.

याच माओशानवर इ.स. ४९२ मध्ये ताओ होंगचिंग हा दरबारी विद्वान नोकरी सोडून राहायला आला. त्याच्याविषयी इतिहासकारांनी लिहून ठेवलेल्या दोन गोष्टी मला या विषयाच्या मुळाशी नेणाऱ्या वाटतात. त्याला पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज अतिशय आवडे. अंगणभर त्यानं पाइन लावले होते आणि तो आवाज ऐकून तो हरखून जाई. दुसरी गोष्ट त्याच्या घराची. त्यानं तीन मजली घर बांधलं. वरच्या मजल्यावर तो स्वतः, मधल्यावर शिष्य, खाली पाहुणे. सम्राट राज्यकारभारात त्याचा सल्ला घेई, आणि लोक त्याला डोंगरातला प्रधानमंत्री म्हणत.

पाइनच्या सूचिपर्णांतून येणारा आवाज बोलण्यासारखा नसतो. त्यात शब्द नसतात, ठेका नसतो, पुढे काय येणार याची अपेक्षा नसते. कान उघडे असतात पण मनाला धरायला काही मिळत नाही. शहरातल्या आवाजात प्रत्येकाला अर्थ असतो: हाक, भाव, भांडण, घंटा. ध्यान करणाऱ्याला अडथळा होतो तो आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या अर्थाचा. ताओ होंगचिंगनं अंगणात झाडं लावून एक अर्थ नसलेला आवाज मुद्दाम पेरला, असं मी या नोंदीकडे पाहतो. निसर्गात शांतता असते असं आपण म्हणतो, पण डोंगरात राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की डोंगर कधीच गप्प नसतो. फरक एवढाच, की तो आपल्याला उद्देशून बोलत नाही.

हाच माणूस मोठा औषधीशास्त्रज्ञही होता. त्यानं जुन्या वनौषधिग्रंथाची नवी प्रत सिद्ध करताना ३६५ द्रव्यांत आणखी ३६५ची भर घातली. डोंगरातला साधक धान्य कमी करत जाई आणि रानातल्या वस्तूंवर राही: पाइनच्या सुया आणि बिया, हुआंगचिंगची मुळं, पाइनच्या मुळांवर जमिनीखाली वाढणारी फूलिंग नावाची बुरशी. ही यादी हौसेची नव्हती. धान्य म्हणजे शेत, शेत म्हणजे गाव, सारा, वेठ. ज्याला गावापासून सुटायचं त्याला पोटापासून सुरुवात करावी लागे. त्यासाठी कोणतं झाड कुठल्या उतारावर, कुठल्या महिन्यात, हे डोळ्यांना वळण लागावं लागे. ध्यानाचे तास आणि झाडं ओळखत फिरण्याचे तास एकाच दिवसात बसत, आणि मला नाही वाटत की त्या माणसांनी त्यांच्यामध्ये भिंत घातली असेल. गे होंगच्याच तातडीच्या औषधोपचारांच्या पुस्तकातली एक नोंद वाचून थू योयो या संशोधिकेला हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनचा माग लागला आणि २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालं, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

गुहेची गोष्ट स्वतंत्र आहे. चुनखडीच्या गुहेत आतलं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. बाहेर बर्फ असो की उन्हाळा, आतला माणूस त्याच हवेत असतो. प्रकाश नाही, म्हणून दिवस-रात्रीचा धाक नाही. थेंब पडतो तो आवाज सोडला तर काही नाही. अशा जागी काही काळ बसलेल्या माणसाला स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येऊ लागतो. ताओ संप्रदायानं अशा जागांना स्वर्गाचा दर्जा दिला. डोंगराच्या पोटात पोकळ्या आहेत, त्यांना स्वतःचे सूर्य-चंद्र आहेत, आणि जमिनीखालून त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, अशी ही कल्पना. माओशानच्या पोटातल्या अशा प्रदेशाचं वर्णन शांगछिंग ग्रंथांत वाचायला मिळतं. आठव्या शतकात सिमा छंगचन या आचार्यानं याची पूर्ण यादीच केली: १० मोठे गुहास्वर्ग, ३६ लहान, आणि ७२ मंगलस्थानं. पहिला वांगवू, पाचवा छिंगछंग, सातवा लोफू (जिथे गे होंगनं अखेरची वर्षं काढली), आठवा माओशान.

याच सिमा छंगचननं ताओ ध्यानावरचा एक अतिशय स्पष्ट ग्रंथ लिहिला. ‘त्सोवांगलुन’, म्हणजे बसून विसरण्याविषयीचं विवेचन. श्रद्धा, संबंध तोडणं, मन गोळा करणं, व्याप कमी करणं, यथार्थ पाहणं, गाढ स्थिरता आणि ताओप्राप्ती अशा सात पायऱ्या त्यात आहेत. या पायऱ्यांत धबधबा नाही, पाइन नाही, गुहा नाही. आहे ते सगळं मनाचं काम. शंभरावर पवित्र डोंगरांची यादी करणारा माणूस ध्यान शिकवताना डोंगराविषयी जवळजवळ बोलत नाही! मला हा विरोधाभास वाटत नाही. डोंगरानं करायचं ते काम वेगळं आणि साधकानं करायचं ते वेगळं, हे त्याला नेमकं माहीत होतं. डोंगर संबंध तोडायला मदत करतो, व्याप आपोआप कमी करतो. मन गोळा करून देत नाही.

डोंगराचा दिखावा त्याला खपत नसे. त्याच्या काळी लू त्सांगयोंग नावाचा एक गृहस्थ राजधानीजवळच्या चोंगनान डोंगरात विरक्त म्हणून राहिला, त्याची कीर्ती दरबारात पोचली आणि त्याला मोठं पद मिळालं. सम्राटाची भेट घेऊन सिमा छंगचन परत निघाला तेव्हा लू त्याला चोंगनानकडे बोट दाखवून म्हणाला, की इथेही फार सुंदर जागा आहेत, इतक्या लांब कशाला जाता? सिमानं शांतपणे उत्तर दिलं, की माझ्या दृष्टीनं तो दरबाराकडे जाणारा जवळचा रस्ता आहे. चिनी भाषेत आजही ‘चोंगनानची जवळची वाट’ हा वाक्प्रचार चालतो. कुठला डोंगर साधनेला योग्य, हे केवळ त्याच्या सौंदर्यावर ठरत नाही. तिथून सत्ता किती लांब आहे यावरही ठरतं.

बाराव्या शतकात हाच चोंगनान पुन्हा केंद्रस्थानी आला. वांग छोंगयांग या माणसानं ११६१ मध्ये डोंगराच्या पायथ्याच्या गावाजवळ स्वतःसाठी कबर खणली आणि तो तिच्यात राहू लागला. तिला त्यानं जिवंत मेलेल्याची कबर असं नाव दिलं. दोन वर्षांहून जास्त काळ तो जमिनीखाली बसला. समोर चीनमधला एक कीर्तिमान पर्वत, आणि हा मातीत डोळे मिटून. त्या कबरीच्या चार कोपऱ्यांवर त्यानं हायथांगची फुलझाडं लावली, असं चरित्रं सांगतात. पुढे त्यानं जवळच झोपडी बांधली, ११६७ मध्ये ती जाळून टाकली आणि शांतुंगकडे चालू लागला. तिथे त्याला सात शिष्य मिळाले आणि छ्वानचन पंथ सुरू झाला, जो आज चीनमधल्या ताओ मठांचा मुख्य पंथ आहे.

त्याच्या नावावर पंधरा छोटे नियम आहेत. त्यातले तीन आपल्या विषयाला इतके नेमके भिडतात, की ते कुणी आज लिहिलेत असं वाटावं. भटकंतीविषयी तो म्हणतो, की डोंगर-नद्यांचं सौंदर्य, फुलांचे रंग, गावांची गर्दी पाहत फिरणं ही खोटी भटकंती. गुरूच्या शोधात, प्रश्न घेऊन कडे चढणं ती खरी. बसण्याविषयी म्हणतो, की ताठ बसून डोळे मिटणं हे खोटं बसणं. खरं बसणं दिवसभर चालतं, चालता-उठता-झोपता मन थायशान पर्वतासारखं अढळ असणं हे ते. आणि घर बांधण्याविषयी: उघड्यावर राहू नये, गवताची झोपडी हवीच, पण उंच इमारती आणि कोरीव वासे साधकाला शोभत नाहीत, कारण झाडं तोडली की जमिनीच्या शिरांतला रस तुटतो.

पहिल्या दोन नियमांत डोंगराचं महत्त्व कमी केलेलं दिसतं, तिसऱ्यात ते एकदम वाढतं. मन पर्वत झालं तर बाहेरच्या पर्वताची गरज उरत नाही. पण म्हणून बाहेरच्या पर्वतावर कुऱ्हाड चालवायचा अधिकार मिळत नाही. या पंथाच्या आधीपासून ताओ पुरोहितांसाठी असलेल्या १८० नियमांतही हे सापडतं: विनाकारण झाडं तोडू नयेत, रान पेटवू नये, तळी-नद्या आटवू नयेत, पाण्यात विष टाकू नये, हिवाळ्यात जमिनीखाली झोपलेल्या जिवांना खणून काढू नये, घरट्यांना हात लावू नये. ध्यानाची शिस्त आणि परिसराची शिस्त एकाच यादीत आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

वांगचा शिष्य छ्यू छूची पानशी नावाच्या ओढ्याकाठी सहा वर्षं गुहेत राहिला. अंगावर गवताचं इरलं, तेवढीच ओळख. नंतर लोंगमन डोंगरात सात वर्षं. तिथून निघालेला माणूस पुढे म्हातारपणी चंगीझ खानाच्या बोलावण्यावरून मध्य आशिया ओलांडून १२२२ मध्ये हिंदुकुशच्या परिसरात त्याला भेटला. याच पंथात कोंडून घेण्याची साधनाही होती. चारी बाजूंनी भिंत, अन्न आत सरकवायला लहानसं भोक, आणि आत शंभर दिवस किंवा तीन वर्षं. म्हणजे तेरा वर्षं ओढा आणि डोंगर, आणि त्याच पंथात ओढा-डोंगर काहीच न दिसणारी खोलीही. दोन्ही टोकं परंपरेनं सांभाळली.

ती कशी सांभाळली याचं सर्वांत सुंदर उत्तर बीजिंगमध्ये दगडावर कोरलेलं आहे. बाययुन ग्वान या मठात १८८६ साली कोरलेली ‘नेइचिंग थू’ नावाची शिळा आहे. प्रथम पाहणाऱ्याला ते निसर्गचित्र वाटतं. वर शिखरं, खाली वळत गेलेली नदी, झाडी, शेत नांगरणारा बैल. नीट पाहिलं की ते बसलेल्या माणसाचं शरीर आहे हे कळतं. शिखरं म्हणजे डोकं, सूर्य आणि चंद्र हे डोळे, बारा मजल्यांचा मनोरा म्हणजे घसा. मूत्रपिंडांच्या जागी एक मुलगी सूत कातते आहे, हृदयाच्या जागी एक मुलगा तारे हातात घेऊन उभा आहे. पोटाच्या खाली शेतकरी बैल घेऊन जमीन नांगरतो. आणि अगदी तळाशी एक मुलगा आणि एक मुलगी पायांनी रहाट चालवताहेत. त्या रहाटानं पाणी पाठीच्या कण्यातून उलटं, वर, शिखरांकडे चढतं.

आंतरिक किमयेची साधना करणाऱ्याला या चित्राची गरज का पडली? त्याला श्वास आणि ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, शरीरातल्या ठरावीक वाटेनं फिरवायची असते, कण्यातून वर आणि पुढून खाली. ही वाट डोळ्यांना दिसत नाही, सुरीनं कापून सापडत नाही. ती लक्षात ठेवायची तर तिला भूगोल द्यावा लागतो. ज्यानं खरा चढ चढलेला आहे, ज्याच्या पोटऱ्यांना पायऱ्या आठवतात, ज्यानं ओढ्याचं पाणी घळीतून उतरताना पाहिलं आहे, त्याला ‘पाणी डोंगरावर चढतंय’ ही कल्पना करताना शरीरातून काहीतरी उमटतं. ज्यानं डोंगर पाहिलाच नाही त्याच्यासाठी ते नुसतं चित्र. माझं मत असं, की बाहेरच्या डोंगराचा साधनेवरचा सर्वांत मोठा परिणाम हाच आहे. तो साधकाला आतल्या प्रवासासाठी जागा पुरवतो, शब्द पुरवतो, चढ-उताराची स्मृती पुरवतो. म्हणूनच वांग कबरीत बसू शकला. तो चोंगनानच्या मुलखात वाढलेला माणूस होता; डोंगर त्याच्या आत आधीच होता.

चित्रकारांनी हे ओळखलं होतं. हुआंग गोंगवांग हा छ्वानचन पंथाचा साधक. तुरुंगवास भोगून झाल्यावर पंथात शिरला, आणि आयुष्याच्या अखेरीला, सुमारे १३५० पर्यंत, आपल्या ताओ मित्रासाठी फूछुन नदीकाठच्या डोंगरांचं लांबलचक गुंडाळीचित्र काढत राहिला. घाई कसलीच नाही. मनात आलं की थोडं काढायचं. १६५० मध्ये चित्राच्या तेव्हाच्या मालकानं मरताना ते जाळायला सांगितलं, नातलगानं ते आगीतून ओढून काढलं, पण दोन तुकडे झाले. एक हांगचौला आहे, दुसरा तायपेईला. २०११ साली दोन्ही तुकडे तायपेईत एकत्र मांडले गेले. त्या चित्रात पाहणारा एका जागी उभा नसतो. गुंडाळी उलगडत जाईल तशी नजर चालत राहते, चढते, पाण्यापाशी थांबते. हे चित्र पाहण्याची पद्धत ध्यानाच्या पद्धतीच्या इतकी जवळ आहे, की मी त्याला निसर्गचित्र म्हणताना अडखळतो.

मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. योगाभ्यासाला जागा कशी असावी हे सांगताना गीता एका श्लोकात ‘शुद्ध जागा’ म्हणून पुढे जाते. ज्ञानदेव मात्र तिथे रमतात. मुळापासून गोड असलेली दाट झाडं, पावलोपावली पाणी, पावसाळ्यातही नितळ; ऊन असलं तर कोवळं, बहुतेक वेळ निःशब्द. पोपट आणि भुंगे नकोत. पाण्याकाठी दोन-चार सारस चालतील, क्वचित कोकिळाही, आणि मोर नेहमीचे नकोत पण येऊन-जाऊन असतील तर आपण नाही म्हणणार नाही. पक्ष्यांची ही मोजदाद वाचताना आवाजाविषयीची केवढी जाण दिसते. सतत बडबडणारा पोपट वर्ज्य, मधूनच येणारी कोकिळा चालेल. १२९० साली नेवाशात हे सांगणाऱ्या तरुणाला माओशानची गंधवार्ता असण्याचं कारण नाही. जे लोक खरोखर बसले, त्यांनी दोन्हीकडे कान टवकारून परिसर पारखला, एवढंच यातून निघतं, आणि ते थोडं नाही.

आजचं विज्ञान या प्रश्नाकडे वेगळ्या दारानं येतं. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अशी संशोधनं नंतर पुष्कळ झाली. त्यांचं महत्त्व मला मान्य आहे. पण त्यांतला माणूस झाडांकडे पाहणारा रुग्ण आहे, आणि झाडं त्याच्यासाठी काहीतरी करताहेत. ताओ साधक डोंगराकडून बरं वाटून घ्यायला गेला नव्हता. थंडी, भूक, भीती, कंटाळा हेही त्याला तिथे मिळालं आणि त्याचंही त्यानं काहीतरी केलं. निसर्गाचे फायदे मोजणाऱ्या तक्त्यात ही बाजू बसत नाही.

१९६६नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत मठ बंद झाले, मूर्ती फुटल्या, साधकांना हाकलण्यात आलं. १९८९ साली अमेरिकन अनुवादक बिल पोर्टर चीनमध्ये एकांतवासी शोधत गेले तेव्हा आता असं कुणी उरलेलं नाही, असंच बहुतेकांचं म्हणणं होतं. चोंगनानमध्ये त्यांना ते सापडले. बौद्ध होते, ताओ होते, बायकाही पुष्कळ होत्या. बटाटे-कोबी लावून, खालून पीठ आणून, झोपड्यांत राहणारे. १९९३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. नंतर त्याचं चिनी भाषांतर झालं आणि ते तरुणांनी उचलून धरलं. शहरात दमलेली मुलं-मुली त्या वाटांवर येऊ लागली. त्यांच्यातले किती टिकले हा मुद्दा वेगळा, पण ज्या डोंगराकडे वांग छोंगयांग डोळे मिटून बसला तिकडे लोक पुन्हा डोळे उघडून चालू लागले.

त्यांच्यामागोमाग बंगलेही आले. चोंगनान हा छिनलिंग पर्वतरांगेचा भाग. उत्तर आणि दक्षिण चीनचं हवामान ही रांग विभागते. पांडा, सोनेरी माकडं, शिखाधारी आयबिस पक्षी तिथे आहेत. शीआन शहराच्या धनिकांनी तिच्या उत्तर उतारावर बेकायदा बंगले उभे केले. २०१८ साली सरकारनं अशी हजाराहून अधिक बांधकामं पाडली आणि काही बडे अधिकारी त्यात गेले. पाडापाडीच्या राजकारणात मी शिरत नाही. पण त्या उतारावर पाणी, झाडी आणि नजारा विकत घेता येतो असं मानणाऱ्यांची घरं उभी राहिली ती नेमकी साधनेसाठी कीर्ती असलेल्या डोंगरावर, हे पाहून वाईट वाटतं. दुसरीकडे, याच रांगेत थायबाय पर्वताच्या परिसरात ताओ संप्रदायानंच या शतकाच्या पहिल्या दशकात पर्यावरणरक्षणाचा विचार मुख्य ठेवून एक मंदिर बांधलं. आपल्या जुन्या नियमांची आठवण संप्रदायाला उरली आहे, ही जमेची बाजू.

थायशानवर १९८३ पासून रोपवे आहे, हुआशानवर १९९६ पासून. म्हाताऱ्या भाविकांना त्याचा उपयोग होतो. तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. तरीही, थायशानच्या सहा हजारांहून जास्त पायऱ्या चढणं हा तिथल्या उपासनेचा भाग होता. श्वास लागणं, थांबणं, पुन्हा लय सापडणं ही ध्यानाची पूर्वतयारी शरीर स्वतःच करत असे. काही मिनिटांत वर पोचलेल्या माणसाला शिखर मिळतं, चढ मिळत नाही. आणि आतल्या कण्यातून पाणी चढवायचं तर आठवण लागते ती चढाची.

वुदांगची कथा आणखी वेगळी. मिंग सम्राट योंगलनं १४१२ पासून तिथे प्रचंड बांधकाम केलं; १४१६चं सोनेरी मुलामा दिलेलं काशाचं मंदिर आजही शिखरावर आहे. डोंगराखाली हान नदीच्या खोऱ्यात दानच्यांगखौ धरण झालं तेव्हा जुनं चुनचौ गाव बुडालं, आणि त्याबरोबर चिंगल मंदिरही, जिथून यात्रेकरू डोंगराकडे निघत. या शतकात दक्षिणेचं पाणी उत्तरेला नेण्यासाठी धरणाचा माथा समुद्रसपाटीपासून १७६.६ मीटरपर्यंत वाढवला. चांग सानफंग या दंतकथेतल्या ताओ साधकाच्या नावानं बांधलेलं यूचन मंदिर पाण्याखाली जाऊ नये म्हणून त्याच्या जुन्या दगडी वेशी जागच्या जागी १५ मीटर वर उचलल्या गेल्या. अभियांत्रिकीचं ते मोठं काम होतं. पण डोंगराच्या कुशीत, ओढ्याकाठी बसवलेलं मंदिर आता जलाशयाने वेढलेल्या भरावावर आहे. जागा निवडणाऱ्यांनी डोंगर मागे, पाणी पुढे, वारा अडलेला असा हिशेब करून ते बांधलं होतं. आता पुढेही पाणी आहे आणि बाजूलाही.

ते पाणी डिसेंबर २०१४ पासून कालव्यानं बाराशेहून अधिक किलोमीटर, बहुतेक वाट उतारानंच, बीजिंगला जातं. बाययुन ग्वान मठ त्याच शहरात आहे. तिथला साधक पहाटे चहासाठी जे पाणी तापवतो त्यात वुदांगच्या ओढ्यांचाही वाटा असू शकतो.